तळ न ढवळता वळायचं

माझा धाकटा भाऊ मुंबईला बंदरात पाणबुड्या होता. जहाजाच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, कुठं पत्रा फाटला असेल तर हातानं चाचपून वर येऊन सांगायचं, असं त्याचं काम. आमच्या पूर्णेत हे कुणाला सांगितलं की लोक विचारायचे, "म्हणजे लढाईवर असतो का?" मी सांगायचे, नाही, तो स्वतःच पाण्यात उतरतो, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून. मग पुढचा प्रश्न यायचा, की तिथं खाली तो उभा कशावर राहतो?

त्याचं उत्तर मलाही नीट येत नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. लाकूड का तरंगतं आणि दगड का बुडतो ते फळ्यावर काढून दाखवायचे. पण माणूस तरंगतही नाही आणि बुडतही नाही, मधेच कुठंतरी थांबतो आणि थांबल्या जागी पाना फिरवतो, हे माझ्या डोळ्यांपुढं येत नव्हतं. पत्रातून विचारलं तर तो लिहायचा, "आल्यावर दाखवतो."

तो आला तेव्हा मार्च होता, गहू पिवळा पडायला लागला होता. त्या सालापर्यंत विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तसाच लोंबकळत पडला होता. स्टेशनवर, शाळेत, चहाच्या हॉटेलात विषय निघायचा आणि माणसं आपापल्या बाजूला सरकून बसायची. बाबांना रेल्वेतून निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात गावाकडं आमच्या वस्तीवर जे घडलं, त्यानंतर माझे चुलते पोराबाळांसकट आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आले होते. तेव्हाच बाबांनी ठरवलं होतं की गावात परत जमीन घ्यायची नाही. निवृत्तीनंतर त्यांनी पूर्णेहून ताडकळसला जाणाऱ्या रस्त्याला थोडं रान घेतलं आणि पहिल्या उन्हाळ्यात तिथं विहीर खोदली. काळी माती, मग मुरूम, मग खडक. खडकात पाणी लागलं त्या दिवशी बाबांनी खोदणाऱ्यांना गूळ वाटला.

भावाच्या होल्डॉलमधून कपड्यांच्या आधी दोन काळे रबरी पंजे निघाले, हातभर लांब. मग एक काचेचा मोठा चष्मा, नाकासकट तोंडावर बसणारा. मायनं पंजा उचलून उलटासुलटा केला.

"हे पायात घालतोस?"

"हो."

"मंग चालतोस कसा?"

"चालत न्हाई माय. पोहतो."

 बाबांनी पंजा हातात घेतला, टोकाला धरून वाकवला आणि सोडला. पुन्हा वाकवून सोडला. त्यांचं सगळं आयुष्य पूर्णेच्या लोको शेडमध्ये गेलं होतं. नवीन वस्तू हातात आली की ती कुठून वाकते आणि कुठून वाकत नाही, हे बघितल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही ही त्यांची सवय.

जेवताना त्यांनी विषय काढला. "विहीर खांदली तवा पुरबेच्या अंगानं पाणी फुटलं होतं. मी डोळ्यानं बघितलंय. आता मोटार लावून उपसलं की पुन्हा पाणी भरायला लय वेळ लागायलाय. झरा बुजला का काय, कळत न्हाई. तू खाली जाऊन बघशील का?"

"बघतो की," भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सकाळची होती, म्हणून दुपारी मीही रानात गेले. भावानं आधी पाण्याचा अंदाज घ्यायला नुसतीच बुडी मारली. ना पंजे, ना चष्मा. वर आला तेव्हा त्याच्या मागोमाग गढूळ पाण्याचा लोट वर आला.

"काय दिसलं?" बाबांनी काठावरून विचारलं.

"काईच न्हाई. तळाला गुडघाभर गाळ हाय. हात लागला अन् सगळं काळं झालं. आता उद्यापर्यंत थांबावं लागंल."

बाबांनी मोटारीचा खटका खाली ओढून ठेवला. गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं राहिलं होतं, तरी म्हणाले, "गाळ बसू दे."

आम्ही तिघं विहिरीच्या पायऱ्यांवर बसलो. मी भावाला म्हटलं, "आता सांग. तू पत्रात टाळत होतास. जागच्या जागी वळतोस कसा?"

"का? तुला काय करायचंय?"

"उद्या तू खाली जाणार. झरा कुठल्या बाजूला आहे ते तुला माहीत नाही, म्हणजे सगळीकडं तोंड फिरवून बघावं लागेल. पाय मारलेस की गाळ उठेल. मग?"

तो हसला. "बंदरात हीच अडचण असते, अक्का. तिथला गाळ तर लय वाईट. एकदा उठला की स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून आम्हाला सगळ्यात आधी पाय न मारायला शिकवतात."

रानात कडुलिंबाखाली बाज होती. तो तिच्यावर पालथा पडला, गुडघ्यांपासूनचे पाय बाजेबाहेर काढले आणि पंजे चढवले. मग गुडघे असे वाकवले की तळवे आभाळाकडं झाले. "हे पहिलं," तो म्हणाला. "पंजे अंगापेक्षा वर. म्हणजे खालच्या गाळाला वारा लागत नाही. आता हा डावा पाय बघ. बेडूक मारतो तसा बाहेर उघडायचा आणि पाणी मागं लोटायचं. त्यानं डावी बाजू पुढं जाती."

"म्हणजे तू उजवीकडं वळणार."

"वळणार, पण पुढं पण सरकणार. म्हणून त्याच वेळी उजव्या पायानं उलटं करायचं. घोटा बाहेर वळवायचा, अन् पंजाच्या वरच्या बाजूनं पाणी डोक्याकडं ओढायचं. एक पाय लोटतो, एक ओढतो. पुढं जायचं अन् मागं यायचं एकमेकांत फिटून जातं. उरतं ते नुसतं वळणं."

बाबा उठून बाजेजवळ आले आणि उकिडवे बसून त्याच्या घोट्याकडं बघायला लागले. "पुन्हा कर," म्हणाले. त्यानं केलं. "हळू कर." त्यानं हळू केलं.

"अन् मधी काय राहतं?" बाबांनी विचारलं.

"मधी?"

"फिरायचं म्हणलं तर मधी एक खिळा लागतो. आमच्या टर्नटेबलाला होता तसा."

शेडमध्ये खड्ड्यावर एक गोल फिरणारा पूल होता, त्यावर इंजिन चढवून त्याचं तोंड उलटं करायचे. लहानपणी आम्ही डबा द्यायला जायचो तेव्हा ते बघितलं होतं. दोन माणसं दांड्याला खांदा लावायची आणि एवढं धूड मुकाट्यानं फिरायचं.

"इंजिन आधी मधोमध आणावं लागतं," बाबा म्हणाले. "वीतभर पुढं राहिलं तर चार माणसं लावली तरी हलत न्हाई. बरोबर मधी आलं की दोन माणसं बास."

"पाण्यात पण तसंच," भाऊ म्हणाला. "डोकं जड झालं तर पाय वर जातात, पाय जड झाले तर खाली. अंग आडवं, सपाट राहिलं पायजे. मधला खिळा म्हणजे बेंबी समजा."

बाबांना हे पटलं असावं. ते पुन्हा पायरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं होतं. पण छातीत हवा भरली की भाऊ वर यायला लागायचा. मुंबईला कमरेला शिशाचा पट्टा असतो म्हणे. इथं बाबांनी जुन्या चामडी पट्ट्यात लोखंडी नट ओवले आणि एकेक कमी-जास्त करून बघितले. भाऊ पाण्यात लोंबकळून सांगायचा, "अजून एक." मग, "जास्त झालं, एक काढा." शेवटी तो पाण्याखाली गेला तो मधेच थांबला, वर नाही आणि खाली नाही. हात छातीशी घेतलेले. आणि मग फिरायला लागला. वरून ते फार विचित्र दिसत होतं. हात हलत नव्हते, पाय जेमतेम हलत होते आणि माणूस सपाट पडल्या पडल्या घड्याळाच्या काट्यासारखा फिरत होता. गाळाचा कणही उठला नाही.

वर आल्यावर धाप टाकत म्हणाला, "एक झरा दिसला. रेती उडायलीय बारीक. दुसरा असंल असं वाटतं, पण दम पुरला न्हाई. नळकांडं असतं तर निवांत बघितलं असतं."

"कुठल्या अंगाला?"

त्यानं मान वळवून पायऱ्यांकडं बघितलं, मग पूर्वेकडं, मग उत्तरेकडं. "फिरता फिरता दिशा चुकली. पुन्हा बघावं लागंल."

"मी जाते," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मला पोहता येत होतं. लहानपणी नदीवर, रेल्वेच्या पंपघराच्या खालच्या अंगाला, आम्ही दोघं भावंडं मायला न सांगता पोहायचो. मी मोठी झाल्यावर ते बंद झालं. कुणी मना केलं असं आठवत नाही. एका उन्हाळ्यात मी गेले नाही, तेवढंच. त्यानंतर पाण्यात उतरले नव्हते.

बाबा म्हणाले, "तुला जायचं असंल तर जा. माझी काय ना न्हाई."

रविवारी माय गोधडी घेऊन आमच्यासोबत आली आणि विहिरीच्या काठावर रस्त्याकडं पाठ करून बसली. मी जुना पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. भावाचे पंजे मला मोठे होत होते, त्यात चिंध्या कोंबल्या. चष्मा लावल्यावर नाक बंद झालं आणि मी घाबरले. तो म्हणाला, "तोंडानं श्वास घे अन् धरून ठेव. पायरीला धरून नुसतं तोंड पाण्यात घाल. आज एवढंच."

पण आज एवढंच म्हणून मी थांबणार नव्हते. डोकं खाली घातलं आणि गेले. पुढं गेले ते सरळ भिंतीवर. मी वळतेय असं मला वाटत होतं आणि प्रत्यक्षात दोन्ही पाय सारखेच लोटत होते. दुसऱ्यांदा गुडघे खाली पडले आणि मी गाळात उभी राहिले, सगळं काळं. वर आले तर माय म्हणाली, "झाला का झरा बघून?"

पुढचे काही दिवस मी शाळेतून आल्यावर बाजेवर पालथी पडायचे आणि पाय हलवायचे. लोटणारा पाय लगेच जमला. ओढणारा पाय ऐकेचना. लोटण्याची सवय पायाला जन्मापासून असते. घोटा बाहेर वळवून पावलाच्या पाठीनं पाणी आपल्याकडं ओढायचं हे त्याला कधी करावं लागलेलं नसतं. भाऊ माझा घोटा हातात धरून फिरवायचा. "इथून. मांडीतून नको. घोट्यातून." एकदा बाबांनी मला थांबवून विचारलं, "एकाच पायानं केलं तर काय होतं?" मी म्हटलं, "वळते, पण पुढं सरकते." "अन् दोन्ही पायानं उलटं?" "मागं जाईन." ते म्हणाले, "मंग तू आधी मागं जायलाच शीक. ते आलं की दुसरं आपोआप येईल."

हे भावाला सुचलं नव्हतं, किंवा सुचलं असेल तर त्यानं सांगितलं नाही. मी पाण्यात दोन्ही पायांनी मागं सरकायला शिकले. फार नाही, हातभर. पण तेवढ्यानं पायाला कळलं की पाणी ओढताही येतं.

गाळ बसण्याची वाट बघत असताना एके दुपारी मी बाबांना सहज विचारलं, की नदीकाठी एवढी वर्षं राहून तुम्ही पोहायला का शिकला नाहीत.

ते पाण्याकडं बघत होते. "गावात एकच पोहायची इहीर होती. आमाला उतरू देत नव्हते. आमी काठापासून लांब उभं राहून पोरं उड्या मारताना बघायचो. कुणाला दया आली तर प्यायला वरून वतायचे." मग म्हणाले, "पूर्णेला आलो तवा नोकरी होती. मोठ्या माणसानं शिकायचं म्हणलं तर लाज वाटते. तुमी दोघं नदीवर जायला लागला ते मला ठाऊक होतं."

"मायला सांगितलं नाहीत?"

"कशाला सांगायचं?"

भाऊ पट्ट्यातले नट मोजत होता. त्यानं वर बघितलं नाही, पण त्याचे हात थांबले होते.

मग एका दुपारी ते जमलं. ऊन डोक्यावर होतं आणि पाण्यात उजेडाचा एक जाड खांब तिरका उतरला होता. मी श्वास अर्धाच भरला, खाली गेले, गुडघे वाकवले आणि थांबले. खरंच थांबले. खाली गाळ होता, वर पाणी होतं आणि मी कशावरच नव्हते. पायऱ्या समोर होत्या. तिथून मोजायचं असं ठरवलं होतं. उजवा पाय लोटला, डाव्यानं ओढलं. पायऱ्या हळूच डोळ्यांपुढून सरकल्या. मग बांधीव दगड आले, त्यांच्या सांध्यातलं शेवाळ, एका सांध्यात बसलेला खेकडा. मी हलत नसून विहीरच माझ्याभोवती फिरतेय असं वाटत होतं. पूर्वेला काहीच नव्हतं, नुसता गाळाचा उतार. पुढं उत्तरेला खडकाच्या एका कपारीखाली पांढरी रेती तव्यावरच्या राजगिऱ्यासारखी उडत होती. तोच भावाला दिसलेला झरा. मी आणखी वळले. काही दिसलं नाही, पण एकाएकी डाव्या गालाला गार पाणी लागलं. एवढं गार की मी दचकले. तिथं गाळाचा ढीग होता आणि वर काहीच हालचाल नव्हती. दम संपला आणि मी वर आले.

"दोन आहेत," मी पायरीला धरून म्हणाले. "एक उत्तरेला, कपारीखाली, तो दिसतो. दुसरा पश्चिमेला. दिसत नाही, गाळाखाली आहे. पण पाणी गार लागतंय तिथं."

"पुरबेचा?" बाबांनी विचारलं.

"पूर्वेला काही नाही."

"मी डोळ्यानं बघितलं होतं," ते म्हणाले.  भाऊ खाली गेला, पश्चिमेकडं गाल फिरवून आला आणि म्हणाला, "अक्का म्हणते ते खरं हाय."

बाबांनी शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं उकडत असेल. त्यांनी शर्ट घडी करून पायरीवर ठेवला, त्यावर आपला नंबरचा चष्मा ठेवला आणि म्हणाले, "मला बघायचंय."

माय काठावरून म्हणाली, "या वयात? काय डोकं फिरलं का?"

"नुसतं तोंड घालतो. हे दोघं हायेत की."

ते एकेक पायरी उतरले. पाणी पोटऱ्यांना लागलं, मांड्यांना, कमरेला. कमरेशी ते थांबले. यापुढं ते कधी गेले नव्हते, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. भावानं त्यांच्या तोंडावर पाण्यातल्या चष्म्याची काच बसवली, मागचा पट्टा घट्ट केला. "तोंडानं श्वास घ्या. भरून घ्या अन् तोंड पाण्यात घाला. आमी धरलंय. दम संपला की माझा हात दाबा."

पहिल्यांदा ते लाकडासारखे ताठ झाले आणि दोन्ही हातांनी माझा खांदा पकडला. नखं लागली. आम्ही त्यांना उभं केलं. खोकले, पाणी थुंकले. माय वरून काही म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, "पुन्हा."

दुसऱ्यांदा ते पालथे झाले. मी छातीखाली एक हात धरला होता, भावानं मांड्यांखाली. त्यांचं अंग हळूहळू सैल पडलं आणि मला जाणवलं की माझ्या हातावर वजन जवळजवळ राहिलंच नाही. आम्ही विहिरीच्या मधे आलो. भावानं माझ्याकडं बघून मान हलवली. मी डाव्या बाजूनं, तो उजव्या बाजूनं, दोघं पाय मारत त्यांना फिरवायला लागलो. आधी पायऱ्या, मग पूर्व. तिथं मी मुद्दाम थोडं थांबले. मग उत्तर. उत्तरेला त्यांनी बोट दाखवलं. हात पाण्याखाली होता, बोट कपारीकडं. दम संपल्यावर त्यांनी डोकं वर काढलं, तोंड भरून श्वास घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत परत पाण्यात घातलं. असं त्यांनी किती वेळा केलं कुणास ठाऊक. शेवटी भाऊच म्हणाला, "बाबा, माझे पाय भरून आले."

पायरीवर बसवल्यावर त्यांनी स्वतः काच काढली. चेहऱ्यावर तिची गोल खूण उमटली होती.

"दिसला का?" मी विचारलं.

"उत्तरेचा दिसला. रेती उडायलीय." मग म्हणाले, "पाणी आपल्या आपण यायलंय. खालून."

त्यांना ताप आला. मायनं दोन दिवस मला आणि भावाला एका शब्दानं विचारलं नाही, नुसता काढा उकळून बाबांच्या पुढ्यात ठेवत होती. मे महिन्यात पाणी आटल्यावर बाबांनी माणसं लावून पश्चिमेचा गाळ काढला. खाली खडकात एक भेग होती आणि तिच्यातून पाणी पाझरत होतं. फार नाही, पण सारखं. ते बघायला भाऊ नव्हता. मी पत्र लिहून कळवलं.

पण ते नंतरचं. मार्चमध्ये तो परत निघाला त्या सकाळी बाबा अंगावर शाल घेऊन अंथरुणातच बसले होते. भावानं पायाला हात लावला. बाबांनी विचारलं, "तुझ्या त्या समुद्राच्या तळाला पण झरे असतेत का रे?"

"माहीत न्हाई, बाबा. आमी जहाजाच्या बुडाशीच असतो. तळ कधी नीट बघितला न्हाई."

"मग आता बघ," बाबा म्हणाले. "अन् गालाला गार लागलं तर कळव."